शिकाऊ परवान्याची परीक्षा : पंधरा प्रश्नांत नेमके काय तपासले जाते?

देशात २०२३ या एका वर्षात ४ लाख ८० हजारांहून अधिक रस्ते अपघात झाले आणि त्यांत १ लाख ७२ हजारांहून अधिक माणसे प्राणास मुकली. केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालयाची ही आकडेवारी आहे. त्याआधीच्या २०२२ या वर्षात मृतांचा आकडा १ लाख ६८ हजार ४९१ होता आणि त्यांपैकी ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगामुळे झाल्याचे नोंदले गेले. अशी आकडेवारी प्रसिद्ध झाली की चर्चा खड्ड्यांची होते, दंडाच्या रकमेची होते, महामार्गांवरील कॅमेऱ्यांची होते. वाहन हाती घेण्यापूर्वी प्रत्येक चालकाने दिलेल्या पहिल्या परीक्षेची चर्चा मात्र क्वचितच होते. ही परीक्षा कागदावरची, म्हणजे आता संगणकाच्या पडद्यावरची. लोक तिला ‘लर्निंगची परीक्षा’ म्हणतात.

ही परीक्षा कायद्याने घातलेली आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या आधारे तयार झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील अकरावा नियम तिची व्याप्ती ठरवतो. वाहतुकीची चिन्हे, इशारे व रस्त्याचे नियम, अपघातात कोणी मृत वा जखमी झाल्यास चालकाची कर्तव्ये, मानवरहित रेल्वे फाटक ओलांडताना घ्यावयाची खबरदारी आणि वाहन चालवताना जवळ बाळगावयाची कागदपत्रे, एवढ्या विषयांचे पुरेसे ज्ञान उमेदवाराला आहे की नाही हे पाहायचे. साठ टक्के उत्तरे बरोबर आली की ज्ञान पुरेसे मानले जाते. महाराष्ट्रात प्रश्न १५ असतात आणि त्यांपैकी ९ बरोबर यावे लागतात. इतरत्र ही संख्या कमीअधिक आहे. केरळने २०२५ मध्ये प्रश्नांची संख्या २० वरून ३० केली. उत्तीर्ण होण्यासाठी तेथे आता १८ उत्तरे बरोबर यावी लागतात. परीक्षेचे शुल्क ५० रुपये आणि शिकाऊ परवान्याचे १५० रुपये.

प्रश्न कसे असतात?

प्रश्नसंच गुप्त नाही. परिवहन विभागाच्या ‘सारथी’ या संकेतस्थळावर सराव परीक्षा देता येते आणि मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या पुस्तिकांतही तेच प्रश्न वर्षानुवर्षे छापले जात आहेत. अरुंद पुलावर समोरून वाहन येत असेल तर काय कराल? पादचारी रस्ता ओलांडण्यासाठी थांबले असतील तर काय कराल? पांढरी काठी घेतलेली अंध व्यक्ती रस्ता ओलांडत असेल तर त्या काठीकडे कसे पाहाल? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सुंदर आहे : ती काठी म्हणजे वाहन थांबवण्याची खूण समजावी. पुलाच्या प्रश्नाचे उत्तर असे, की समोरचे वाहन पूल ओलांडेपर्यंत थांबावे.

ही उत्तरे चुकीची नाहीत, उलट ती अत्यंत योग्य आहेत. अडचण निराळी आहे. तीन पर्यायांपैकी एक ‘हॉर्न वाजवत पुढे जावे’, दुसरा ‘वेग वाढवून आधी निघून जावे’ आणि तिसरा ‘थांबावे’ असा असेल, तर कोणता पर्याय निवडायचा हे कळण्यासाठी वाहतुकीचे ज्ञान लागत नाही. सर्वांत सोज्वळ आणि बहुधा सर्वांत लांब असलेला पर्याय निवडला की काम भागते. हा सल्ला उमेदवार एकमेकांना उघडपणे देतात. तो बऱ्याच अंशी खराही ठरतो.

मानवरहित रेल्वे फाटकाचा विषय याहून अधिक बोलका आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३१ नुसार अशा फाटकापाशी चालकाने वाहन थांबवायचे, सोबतच्या क्लीनरने किंवा अन्य व्यक्तीने रुळांपर्यंत चालत जाऊन दोन्ही बाजूंनी गाडी येत नसल्याची खात्री करून घ्यायची आणि मग वाहन पलीकडे न्यायचे. सोबत कोणी नसेल तर चालकाने स्वतः उतरून पाहायचे. अशा फाटकांवर शाळेच्या बसगाड्या रेल्वेखाली सापडल्याच्या बातम्या ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना या तरतुदीचे महत्त्व सांगावयास नको. मात्र भारतीय रेल्वेने ब्रॉडगेज मार्गांवरील सर्व मानवरहित फाटके जानेवारी २०१९ अखेर बंद केली किंवा तेथे गेटमन नेमले, वा पूल बांधले. म्हणजे देशाच्या बहुतांश लोहमार्गांवर आज असे फाटक उरलेले नाही. नियमात मात्र तो विषय आजही स्वतंत्रपणे नमूद आहे.

याउलट जे नियम अलीकडे आले त्यांचे काय? रस्त्याचे १९८९ चे नियम रद्द होऊन २०१७ मध्ये मोटार वाहन (वाहनचालन) विनियम लागू झाले. २०१९ च्या दुरुस्तीने रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला १० हजार रुपये दंडाची तरतूद केली. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण देणारे कलम १३४ ए याच दुरुस्तीने आले. जखमी माणसाला रुग्णालयात पोहोचवले तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, ही भीती आजही किती खोलवर आहे हे कोणत्याही चहाच्या टपरीवर ऐकायला मिळते. या भीतीमुळे माणसे मरतात. नव्या चालकाला एकच गोष्ट सांगण्याची संधी असेल, तर ती हीच सांगावी असे वाटते.

भाषेचा अडसर

या परीक्षेचा आणखी एक पैलू आहे आणि भाषांतराचे काम करणाऱ्याला तो प्रथम दिसतो. शासकीय मराठीत या परवान्याला ‘शिकाऊ अनुज्ञप्ती’ म्हणतात. महाराष्ट्रात जन्मलेल्या, मराठी माध्यमात शिकलेल्या तरुणालाही ‘अनुज्ञप्ती’ या शब्दापाशी क्षणभर थबकावे लागते. त्याच्या तोंडी ‘लायसन्स’ असते. वाहतूक चिन्हांचे तीन वर्ग आहेत. पालन न केल्यास कारवाई होते ती बहुधा वर्तुळातील चिन्हे, पुढे वळण वा उतार आहे असे सांगणारी त्रिकोणातील चिन्हे आणि पेट्रोल पंप, रुग्णालय दाखवणारी निळ्या चौकोनातील चिन्हे. आकार पाहिला की अर्थाची दिशा कळावी, यासाठीच ही रचना जगातील अनेक देशांनी स्वीकारली. अक्षरओळख नसलेल्या चालकालाही ती समजावी हाच तिचा हेतू. आपल्या परीक्षेत मात्र या चित्रांचे अर्थ शब्दांत विचारले जातात. ‘आदेशात्मक’, ‘सावधानतादर्शक’, ‘माहितीदर्शक’ अशा संज्ञा वाचून, समजून, अर्ध्या मिनिटात कळ दाबायची असते. त्रिकोण पाहताच ज्याचा पाय आपोआप ब्रेककडे जातो असा चालक येथे अडखळू शकतो आणि संज्ञा पाठ असलेला परंतु कधीही स्टिअरिंग न धरलेला विद्यार्थी सहज पार होतो.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी भाषकांसाठी हा प्रश्न वेगळे रूप घेतो. परीक्षा सामान्यतः त्या त्या राज्याच्या भाषेत, हिंदीत वा इंग्रजीत देता येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातील कोणत्याही परवाना अधिकाऱ्याकडे अर्ज करण्याची मुभा मिळाली, परंतु राज्याची सीमा कायम राहिली. इंदूर वा वडोदऱ्यातील मराठी कुटुंबाला हिंदी किंवा गुजराती परकी नाही. त्यांचे फारसे अडत नाही. उपजीविकेसाठी नुकताच बंगळुरू वा हैदराबादला गेलेला, मराठी शाळेत आठवी-नववीपर्यंत शिकलेला तरुण मात्र दोन अपरिचित लिप्या आणि एक अर्धपरिचित भाषा यांच्या मध्ये उभा असतो. त्याला रस्त्याचे नियम कळत नाहीत असे नव्हे. ते ज्या वाक्यात विचारले आहेत ते वाक्य कळत नाही. याचाच आरसा महाराष्ट्रातही पाहता येईल : मुंबई-पुण्यात टॅक्सी आणि ट्रक चालवणाऱ्या परप्रांतीयांतही आपल्या मातृभाषेत प्रश्न न मिळणारे अनेक आहेत.

वाचता न येणाऱ्याला परवाना द्यावा का?

हा वाद न्यायालयापर्यंतही गेला आहे. मे २०१९ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने, ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांना वाहन परवाना देऊ नये आणि दिलेले परवाने मागे घ्यावेत, असा आदेश दिला. रस्त्यावरील फलक न वाचू शकणारा चालक पादचाऱ्यांसाठी धोका ठरतो, अशी त्यामागची भूमिका होती. त्यानंतर महिन्याभराच्या आत, जून २०१९ मध्ये, केंद्र सरकारने नेमके उलट पाऊल उचलले. व्यावसायिक वाहनांच्या चालकासाठी असलेली आठवी उत्तीर्ण असण्याची अट काढून टाकण्याचा निर्णय मंत्रालयाने जाहीर केला. हरियाणातील मेवात भागातील चालकांसाठी तेथील सरकारने सवलत मागितली होती. शिक्षण नसलेल्या पण वाहन चालवण्यात वाकबगार असलेल्या अनेकांची उपजीविका त्यावर अवलंबून होती. शिक्षणाऐवजी प्रशिक्षण आणि कौशल्यचाचणी यांवर भर देऊ, असे सरकारने सांगितले.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे हे मान्य करावे लागेल. तथापि साक्षरता म्हणजे रस्त्याचे भान, हे समीकरण टिकणारे नाही. १९ मे २०२४ रोजी पुण्यातील कल्याणीनगर भागात एका सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातील महागड्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. बाल न्याय मंडळाने प्रथम घातलेल्या अटींपैकी एक होती अपघात या विषयावर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची. त्यावर देशभर संताप व्यक्त झाला आणि मंडळाने आपला आदेश बदलला. संताप शिक्षेच्या सौम्यतेबद्दल होता आणि तो समजण्यासारखाही होता. मात्र त्या अटीमागचा विचार नवा नव्हता. नियम शब्दांत उतरवता आले म्हणजे ते अंगी बाणले, हेच आपली शिकाऊ परवान्याची परीक्षाही गृहीत धरून चालली आहे.

घरबसल्या परीक्षा

मार्च २०२१ मध्ये केंद्राने परवान्यांशी संबंधित १८ सेवा आधारच्या साहाय्याने कार्यालयात न जाता मिळण्याची सोय केली. महाराष्ट्राने त्याच वर्षी जूनमध्ये आणि दिल्लीने ऑगस्टमध्ये घरबसल्या शिकाऊ परवाना देण्यास आरंभ केला. आधार क्रमांकाने ओळख पटवायची, रस्ता सुरक्षेची ध्वनिचित्रफीत पाहायची आणि परीक्षा द्यायची. कोरोनाच्या काळात आणि प्रादेशिक परिवहन कार्यालय पन्नास-साठ किलोमीटर दूर असणाऱ्या गावांसाठी ही सोय मोठी होती. एका दिवसाची मजुरी बुडवून, दलालाला पैसे देऊन रांगेत उभे राहण्याची गरज उरली नाही.

दलाल मात्र संपले नाहीत, त्यांनी जागा बदलली. उमेदवाराच्या मोबाइलवर आलेला ओटीपी घेऊन परीक्षा भलत्यानेच दिल्याच्या तक्रारी अल्पावधीतच येऊ लागल्या. देशातील सुमारे तीस टक्के परवाने बोगस असल्याचे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०१९ मध्ये दुरुस्ती विधेयक मांडताना लोकसभेत सांगितले होते. त्या विधेयकाने परवान्याविना वाहन चालवण्याचा दंड ५०० रुपयांवरून ५ हजार रुपयांवर नेला. परवाना नसण्याची किंमत दहापट झाली, परंतु परवाना मिळवण्यासाठी लागणारे ज्ञान होते तेवढेच राहिले. त्यामुळे परवाना ‘काढून’ घेण्याची ओढ वाढली तर नवल नाही. मराठीत लायसन्स ‘काढतात’, ‘मिळवत’ नाहीत, हेही या संदर्भात सूचक म्हणावे लागेल.

ही परीक्षा आयुष्यात बहुधा एकदाच द्यावी लागते. अठराव्या वर्षी परवाना घेतलेल्या व्यक्तीचा परवाना चाळीस वर्षे वयापर्यंत वैध राहतो. मुदत संपल्यावर वर्षभराच्या आत नूतनीकरण केले तर ज्ञानाची फेरतपासणी होत नाही. म्हणजे १९९५ मध्ये परवाना घेतलेल्या माणसाला २०१७ चे विनियम किंवा २०१९ च्या तरतुदी ठाऊक आहेत की नाहीत हे कोणीही, कधीही विचारलेले नाही. त्यातच नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने, हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्या व्यक्तीला ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वा प्रवासी वाहनही वेगळ्या नोंदीविना चालवता येईल, असा निर्णय दिला. विम्याच्या दाव्यांत अडकलेल्या असंख्य चालकांना त्यामुळे दिलासा मिळाला आणि उपजीविकेच्या दृष्टीने तो योग्यच होता. परंतु घरच्या छोट्या मोटारीसाठी दिलेल्या त्या पंधरा प्रश्नांवर आता टेम्पोचाही भार आला आहे.

ब्रिटनमधील वाट

लेखी परीक्षेतून रस्त्याचे भान तपासता येते का, याचा वेगळा प्रयोग ब्रिटनमध्ये झाला. तेथे जुलै १९९६ मध्ये स्वतंत्र सैद्धांतिक परीक्षा सुरू झाली. आज तीत ५० प्रश्न असतात आणि ४३ बरोबर यावे लागतात. खरा फरक नोव्हेंबर २००२ मध्ये पडला. त्या वर्षी परीक्षेला दुसरा भाग जोडण्यात आला. उमेदवाराला रस्त्याच्या १४ चित्रफिती दाखवतात आणि धोका निर्माण होत आहे असे वाटताच त्याने कळ दाबायची असते. उभ्या गाडीआडून मूल धावत येण्याच्या बेतात आहे, हे जितक्या लवकर ओळखावे तितके गुण अधिक. ७५ पैकी ४४ गुण मिळाले नाहीत तर पहिल्या भागातील गुण कितीही असोत, उमेदवार अनुत्तीर्ण. अलीकडच्या वर्षांत तेथे निम्म्याहून कमी उमेदवार या परीक्षेत उत्तीर्ण होत आहेत.

भाषेबाबत मात्र ब्रिटनने हात आखडता घेतला. परकीय भाषांतून प्रश्न ऐकवण्याची सोय आणि दुभाष्याची मुभा एप्रिल २०१४ पासून बंद झाली. दुभाष्यांच्या आडून होणारे गैरप्रकार हे त्याचे एक कारण होते. आपल्यासारख्या बहुभाषक देशाला हा धडा घेता येणार नाही. चित्रफितींचा घेता येईल. धावत्या चित्रातील धोका ओळखायला मराठी, कन्नड वा इंग्रजी वाचता यावे लागत नाही. मेवातचा चालक आणि पुण्याचा अभियंता तेथे एकाच पातळीवर येतात. शिवाय पाठांतराची पुस्तिका तेथे निरुपयोगी ठरते. दुसऱ्याच्या नावावर परीक्षा देण्याचा प्रकार यामुळे थांबेल असे नाही. त्यासाठी परीक्षेच्या जागी माणसाची देखरेखच हवी.

आपल्याकडे प्रयत्न झालाच नाही असे नव्हे. मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम जुलै २०२१ पासून लागू झाले. हलक्या मोटार वाहनासाठी तेथे चार आठवड्यांत २९ तासांचे प्रशिक्षण आहे. त्यांपैकी ८ तास सैद्धांतिक विषयांसाठी आहेत आणि त्यांत प्रथमोपचार, रस्त्यावरील संतापाला आवर घालणे यांचाही समावेश आहे. येथे प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्याला परिवहन कार्यालयातील वाहनचाचणीतून सूट मिळते. २०२४ मध्ये याच सवलतीविषयी अफवा पसरून, जूनपासून आता चाचणीच नाही असा समज झाला आणि नियमांत बदल झालेला नसल्याचा खुलासा मंत्रालयाला करावा लागला. आठ तासांत शिकण्यासारखे काय आहे हे कोणी विचारले नाही, चाचणी टळते का एवढेच विचारले गेले.

आज जो तरुण वा तरुणी या परीक्षेची तयारी करीत आहे त्यांनी ही व्यवस्था बदलण्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. सारथीवरील सराव परीक्षा दोन-तीनदा दिली की उत्तीर्ण होण्यापुरते काम होते. चिन्हे मात्र नावांनी पाठ करण्यापेक्षा आकार व रंगावरून ओळखावीत. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन एवढी विभागणी ध्यानात राहिली तरी अर्धी चिन्हे आपोआप उलगडतात. अपघातानंतरची कर्तव्ये नीट वाचावीत : जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे प्रथम आणि पोलिसांना लवकरात लवकर, फार तर २४ तासांच्या आत कळवणे. बसच्या वा रिक्षाच्या प्रवासात पुढे बसून, चालक कोठे वेग कमी करतो आणि कोठे करीत नाही, हे पाहण्यानेही बरेच शिकता येते. त्याला शुल्क नाही.

शिकाऊ परवाना हाती आल्यावर तो सहा महिने वैध असतो आणि पक्क्या परवान्याच्या चाचणीसाठी किमान तीस दिवस थांबावे लागते. या काळात वाहनावर पुढे-मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल ‘एल’ हवा आणि शेजारी परवानाधारक व्यक्ती हवी. एरवी कागदपत्रांबाबत काटेकोर असलेला कायदा या तीस दिवसांत काय शिकलात याची नोंद मात्र घरच्या गाडीवर शिकणाऱ्याकडे मागत नाही.